पुणे-नागपूर : अंतर कोणाच्या मापाने?

पुण्याहून नागपूर किती दूर, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विचारणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे ते बदलते. आकाशमार्गे हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर असून विमान ते साधारण दीड तासात कापते. रस्त्याने ते ७०० किलोमीटरांहून अधिक भरते, आणि लोहमार्गाने ८८१! ज्याच्या गाठीस पैसा अधिक त्याला वाट आखूड, ज्याच्या गाठीस कमी त्याला लांब, असा हा विपरीत हिशेब आहे.

हा हिशेब केवळ भूगोलाने मांडलेला नाही. परकीय अमदानीत लोहमार्ग आखले गेले ते मुंबई बंदरावर दृष्टी ठेवून. १८६३ साली बोरघाट खुला झाला, १८६७ साली रूळ नागपुरास पोहोचले. परंतु ही दोन नगरे परस्परांस जवळ यावीत, हा हेतू त्या आखणीत नव्हता. म्हणून आजही पुण्याची गाडी दौंड, अहिल्यानगर करीत प्रथम उत्तरेस मनमाड गाठते आणि मग भुसावळ, अकोल्यावरून पूर्वेस वळते. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली 'वंदे भारत'सुद्धा या वळशापायी बारा तास घेते. प्रवाशाचा सबंध दिवस त्यात खर्ची पडतो.

विमानाचा दीड तासही पूर्ण सत्य नव्हे. लोहगाव गाठणे, तपासणीच्या रांगा, सामानाची प्रतीक्षा हे सारे धरले म्हणजे चार-पाच तास सहज जातात. तथापि विमानाने जाणाऱ्याची चिंता कोणी करावयास नको. चिंता आहे ती शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास आलेल्या विदर्भातील तरुणांची. रेल्वेत जागा नाही आणि विमान परवडत नाही, म्हणून ते रात्रीच्या खासगी बसचा आश्रय घेतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास येणारी अशी एक बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणांस मुकले. अंतराची खरी किंमत कोण मोजतो, हे याहून स्पष्ट सांगण्याची आवश्यकता आहे काय?

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरविण्याचे ठरले. मंत्रिगण व अधिकारी त्या निमित्ताने तेथे जाऊन येतात, हे योग्यच आहे. परंतु १९६० साली एक झालेले राज्य केवळ शासनाच्या फेऱ्यांनी एकजीव होत नसते. दिवाळीस घरी जाऊ इच्छिणारा विद्यार्थी वेळेवर, सुखरूप आणि माफक खर्चात आपल्या आईवडिलांपाशी पोहोचला पाहिजे.

यासाठी अशक्य असे काहीच करावयाचे नाही. रात्रीच्या गाड्यांना साध्या शयनयानाचे डबे वाढवावेत. सणासुदीच्या जादा गाड्या महिनाभर आधी जाहीर कराव्यात. खासगी बसचे भाडे एस. टी.च्या दीडपटीहून अधिक असू नये, असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. तो कागदावर न ठेवता दिवाळीच्या तोंडावर कठोरपणे अमलात आणावा. बसच्या संकटकालीन दारांची तपासणी गाडी सुटण्यापूर्वी व्हावी. नवी विमाने अवश्य सुरू व्हावीत. परंतु पुणे-नागपूर जवळ आले असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाचा आहे, आणि तसे म्हणण्याची वेळ त्याच्यावर अद्याप आलेली नाही.