‘येथे’ कोठे लिहावे?

बडोद्यास नुकताच नोकरीस लागलेला आमच्या ओळखीचा एक तरुण परवा फार खिन्न दिसला. ड्रायव्हरला कचेरीच्या मागील अंगणात थांबण्यास सांगून त्याने साहेबांच्या मेजावर इंग्रजीत चिठ्ठी ठेवली होती: ‘आय टोल्ड द ड्रायव्हर हिअर टु वेट.’ साहेब समजले, ‘येथल्या ड्रायव्हरला मी थांबण्यास सांगितले आहे.’ कोठे, ते कळेना. ते रस्त्यावर शोधीत राहिले, आगगाडी चुकली आणि मुलास बोलणी खावी लागली. ‘टु वेट हिअर’ असे लिहिले असते तर हा प्रसंग टळता!

मराठीत स्थलवाचक क्रियाविशेषण बहुधा क्रियापदाच्या आधी येते: ‘तो येथे आला.’ शब्द थोडे मागेपुढे झाले तरी प्रत्ययांमुळे अर्थ सहसा ढळत नाही. इंग्रजीत प्रत्यय थोडे; तेथे शब्दाची जागाच अर्थ सांगते. म्हणून तीन नियम मुलांच्या मनावर ठसवावेत.

पहिला: स्थलवाचक शब्द क्रियापदानंतर आणि कर्म असल्यास कर्माच्याही नंतर घालावा. ‘शी लेफ्ट द बुक अपस्टेअर्स’ म्हणावे. ‘शी लेफ्ट अपस्टेअर्स द बुक’ म्हणू नये.

दुसरा: स्थळ आधी, काळ मागाहून. आपण ‘काल येथे’ म्हणतो. इंग्रज ‘हिअर यस्टर्डे’ म्हणतो.

तिसरा: हिअर, देअर, होम ह्यांच्या आधी जाण्यायेण्याचे क्रियापद असता मध्ये ‘टु’ घालू नये. ‘कम हिअर’, ‘गो होम’ एवढेच पुरे.

चुकण्यात लाज मानू नये. १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. परंतु आपली भाषा आत्मसात करून त्यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे प्रसिद्ध झाले. ‘येथे’ हा शब्द क्रियापदाच्या आधी ठेवण्याची सवय त्यांनाही लावून घ्यावी लागली असेल. त्यांनी आपल्यासाठी केलेले श्रम आपण आपल्या मुलांसाठी उलट दिशेने करू या.

आज रोझरीनंतर घरातील मुलांस एक वाक्य द्यावे: ‘काल आई बाहेर थांबली.’ उत्तर ‘मदर वेटेड आउटसाइड यस्टर्डे’ असे आले, तर धडा पचला असे समजावे.