घर विकताना तिची सही कुठे असते?

मैत्रिणींनो,

या अंकाचं संपादकीय घर विकण्याविषयी आहे हे पाहून काहीजणींना नवल वाटेल. मारहाण, टाकून दिलेल्या बायका, कामाच्या जागी होणारा छळ असे प्रश्न रोज दारात उभे असताना निवृत्त जोडप्याने राहतं घर विकलं काय आणि ठेवलं काय, त्याचं आपल्याला काय? तो तर ज्याच्या त्याच्या घरातला मामला. पण ‘घरातला मामला’ हे उत्तर आपण याआधीही पुष्कळदा ऐकलं आहे, आणि दरवेळी ते खोडूनच चळवळ पुढे गेली आहे.

आमच्या सल्ला केंद्रात गेल्या काही वर्षांत साठी ओलांडलेल्या बायका जास्त येऊ लागल्या आहेत. त्या मारहाणीची तक्रार घेऊन येत नाहीत. तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे हेही त्यांना धड सांगता येत नाही. बोलता बोलता कळतं की ‘ह्यांनी’ घर विकायचं ठरवलं आहे, किंवा विकून टाकलं आहे. जिथे तीस-पस्तीस वर्षं काढली, मुलं वाढवली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, त्या घराचा सौदा झाला तेव्हा चहा करायला ती होती, बोलणीत नव्हती.

परळच्या चाळीत राहिलेल्या एक मावशी लेकीकडे आल्या असताना केंद्रात आल्या होत्या. लग्नानंतर त्यांनी दहा-बारा गिरणी कामगारांची खानावळ चालवली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. नवऱ्याचं काम गेलं, जेवणारे कामगारही गावी निघून गेले. मग मावशींनी कचेऱ्यांत डबे द्यायला सुरुवात केली आणि त्यावर घर उभं ठेवलं. खोलीचं भाडं त्याच पैशातून गेलं. भाडेपावती मात्र नवऱ्याच्या नावावर. सहा वर्षांपूर्वी त्यांनी खोली पागडीने दिली आणि दोघं कोकणात गावी गेली. आलेल्या पैशातून गावचं घर दुरुस्त झालं. ते घर तिघा भावांचं सामाईक. मावशी म्हणाल्या, “मुंबईत मी खानावळवाली होते. इथं मी ह्यांची बायको आहे, आणि जाऊबाईंना विचारल्याशिवाय चूल पेटवत नाही.”

दुसऱ्या डोंबिवलीच्या, निवृत्त शिक्षिका. दोघांचे पगार होते. १९८८ साली फ्लॅट घेतला तेव्हा सोयीचं म्हणून ठरलं की त्याच्या पगारातून कर्जाचा हप्ता जाईल आणि तिच्या पगारातून किराणा, फी, औषधं, सणवार. वीस वर्षांनी कर्ज फिटलं. हप्त्यांच्या पावत्या फाइलला लागल्या, किराणा खाऊन संपला. आता फ्लॅट विकायचा म्हटल्यावर नवरा मनापासून म्हणतो, “घर मी घेतलंय.” तो खोटं बोलत नाही. कागद त्याच्याच बाजूने बोलतो. तिच्या पगाराशिवाय त्याचा हप्ता गेला असता का, हे कुठल्याच कागदावर नाही.

तिसरी गोष्ट तर आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत सापडेल. पुण्यातला जुना फ्लॅट विकला, पैसे मुलाच्या मोठ्या फ्लॅटमध्ये घातले. “आई-बाबांसाठी एक खोली राहीलच की!” नवीन करारनामा मुलाच्या आणि सुनेच्या नावे. वडील गेले. आता आई त्या खोलीत राहते, पण पाहुण्यासारखी. नातवाच्या परीक्षेच्या वेळी तिची रवानगी लेकीकडे होते. इथे मुलगा-सून वाईट आहेत असं समजू नका. त्यांना खरंच वाटतं की घर त्यांचं आहे. तिलाही तसंच वाटतं, आणि म्हणून ती गप्प असते.

या तिन्ही ठिकाणी कुणी कायदा मोडलेला नाही, म्हणून तर हा प्रश्न आपला आहे.

महाराष्ट्रात कुठल्याही धर्माच्या बाईला, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं राहतं घर विकलं जाताना ‘मला विचारा’ असं सांगण्याचा हक्क मालमत्तेच्या कायद्याने दिलेला नाही. पुष्कळदा खरेदीदाराचा वकील खबरदारी म्हणून बायकोची ‘संमती देणार’ म्हणून सही घेतो. ती सही खरेदीदाराच्या सोयीसाठी असते. पैशातला हिस्सा त्या सहीने मिळत नाही. उलट असलेला वादही संपतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याने बायकोला मुलांबरोबर आणि सासूबरोबर सारखा वाटा मिळतो, पण तो नवऱ्याच्या मृत्यूनंतर, आणि त्याने मृत्युपत्र करून दुसऱ्या कुणाला दिलं नसेल तर. तो जिवंत असताना घराचे पैसे झाले आणि पैसे मुलाच्या घरात गेले, तर वाटा घ्यायला उरतं काय?

लेकींच्या हक्कासाठी बरंच झालं. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती केली. २००५ साली ती देशभर झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो हे पक्कं केलं. बायकोच्या हक्काचं गाडं मात्र रेंगाळलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकांच्या नावे करून दिला. ते मोठं काम होतं, पण स्वखुशीचं होतं. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. तेही घटस्फोटापुरतंच होतं. चाळीस वर्षं सुखाने नांदलेल्या बाईचा विचार त्यात नव्हता.

शेजारी गोव्यात पाहा. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. तो आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. मालमत्तेच्या कारभाराचा अधिकार त्यानेही नवऱ्याच्याच हाती ठेवला आहे. पण घर विकताना बायकोची सही लागली तर व्यवहार ठप्प होतील, संसार मोडतील, असं जे म्हणतात त्यांना गोवा दाखवावा. तिथे घरं विकली जातात आणि संसारही चालतात.

मूळ अडचण अशी आहे की घर उभं करण्यात बाईने घातलेले श्रम कुठेच मोजले जात नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. २०२१ च्या सुरुवातीला मोटार अपघाताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचं मोल धरून भरपाई ठरवली. म्हणजे बाई अपघातात गेली तर तिच्या कामाला किंमत आहे. ती जिवंत असताना घर विकलं जातं, तेव्हा ती किंमत शून्य! जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मात्र एक पाऊल पुढे टाकलं. नवरा परदेशात नोकरीला आणि बायको इकडे घर-मुलं सांभाळणारी, अशा जोडप्याच्या मालमत्तेबाबत न्यायालयाने म्हटलं की तिच्या कामामुळेच तो कमावू शकला, म्हणून तिचा निम्मा वाटा आहे. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण आपल्या मागणीला त्याचा आधार नक्कीच आहे.

इथे एक गैरसमज नको. घर विकूच नये असं माझं म्हणणं नाही. मोठं घर पुष्कळ बायकांना नकोसं झालेलं असतं. तीन मजले चढून गुडघे गेलेले, माळ्यावरची भांडी घासून घासून जीव विटलेला, कुळाचार आणि पाहुण्यांचा राबता थांबावा असं वाटत असतं. एकीने तर मला सांगितलं, “मला दोन खोल्याच हव्यात. झाडायला कमी.” तिच्या नवऱ्याला मात्र वडिलांच्या आठवणीसाठी घर ठेवायचं होतं, आणि घर ठेवलं गेलं. तिथेही तिला विचारलं नव्हतंच. विकणं किंवा ठेवणं हा मुद्दा नाही. ठरवणाऱ्यांत ती होती का, आणि आलेल्या पैशात तिचा वाटा धरला का, हे आपण विचारायला हवं.

घर बदलण्याची किंमतही दोघांना सारखी पडत नाही. तिचा शेजार जातो, भिशी जाते, उधारीवर औषध देणारा दुकानदार जातो, रात्री-अपरात्री हाक मारावी अशी समोरची काकू जाते. चाळीस वर्षांत तिने जमवलेली ही पुंजी खरेदीखतात लिहिली जात नाही. म्हणून नवीन गाव किंवा नवीन वस्ती कायमची धरण्याआधी तिथे एक पावसाळा राहून पाहावा, असं मी प्रत्येकीला सांगते. दवाखाना किती लांब आहे, बस कधी मिळते, एकटीने बाहेर पडता येतं का, हे तिथे राहिल्यावरच कळतं.

आता हाताशी काय आहे ते पाहू. पहिलं काम कागद वाचण्याचं. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावी असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, यांवर कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. ‘संमती देणार’ म्हणून सही मागितली तर ती द्यायच्या आधी पैशाचं बोला. जुन्या घराचे पैसे कुठल्या खात्यात जाणार, नवीन घर कुणाच्या नावे होणार, हे सौदा होण्याआधी ठरतं. नंतर काही ठरत नाही. नवीन घर दोघांच्या नावे घ्या आणि करारनाम्यात दोघांचे हिस्से लिहून घ्या. फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती घेतल्यास पंधरा वर्षं पुरुषाला घर विकायचं नाही, ही अट २०२३ मध्ये काढून टाकली गेली. पण केवळ एक टक्का वाचावा म्हणून नाव लावलं आणि कागद कपाटात कुलपात ठेवले, तर बाईच्या हाती काहीच येत नाही.

मुलाला पैसे किंवा घर द्यायचं असेल तर सांभाळण्याची अट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट तोंडी राहिली की ती सिद्ध करता करता म्हातारपण संपतं. दोघांनीही मृत्युपत्र करावं. त्याला स्टँप लागत नाही. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. आणि जिथे छळ आहे, घर विकून बाईला रस्त्यावर आणायचा डाव आहे, तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी घराची विक्री थांबवण्याचा आदेश देऊ शकतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

“एवढा हिशेब करायचा म्हणजे नवऱ्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न येणारच. तेव्हा विचारावं, की बँकेने कर्ज देताना कागद केले तेव्हा तुमच्यावर अविश्वास दाखवला होता का? कागद करणं ही माणसांची रीत आहे. फक्त बायकोशी व्यवहार करतानाच ती अपमानाची कशी होते?

आणखी एका बाईचा हिशेब आपण आपल्याच घरात विसरतो. वीस-पंचवीस वर्षं धुणी-भांडी करणाऱ्या बाईचं काम घर विकलं की एका महिन्यात सुटतं. तिला ना फंड, ना ग्रॅच्युइटी. घराचे लाखो रुपये आले असतील तर तिच्या वर्षांचा हिशेब करून तिची रक्कम आधी बाजूला काढा. आपल्या श्रमांचं मोल मागताना तिच्या श्रमांचं मोल आपण चुकवलं, तर आपल्या मागणीत जोर राहणार नाही.

आपली मागणी साधी आहे. नवरा-बायको राहत असलेलं घर, मग ते कुणाच्याही एकट्याच्या नावावर असो, दोघांच्या लेखी संमतीशिवाय विकलं जाऊ नये, गहाण पडू नये, बक्षीस दिलं जाऊ नये. दुय्यम निबंधकाने ती संमती बाईला समोर बसवून, कागद वाचून दाखवून घ्यावी. आणि संसारात उभ्या राहिलेल्या घरात तिचा निम्मा वाटा कायद्याने मानला जावा. यासाठी लागेल तेवढी पत्रकं काढू, मोर्चे नेऊ, आमदारांना भेटू. पण सुरुवात गटाच्या बैठकीतून व्हायला हवी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपण राहतो ते घर कुणाच्या नावावर आहे ते कागद पाहून यावं. किती जणींना कागद कुठे ठेवलेत हे माहीत होतं, किती जणींना मागावे लागले आणि मागितल्यावर घरात काय बोलणं झालं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू, आणि निवेदनाला तीच जोडू.

तुमची,
संपादक