फोन ‘डोळस’ झाला तेव्हा (धागा)

१/ ‘दृष्टिहीनांसाठी फोन सुलभ करण्यात आला’ हे वाक्य तंत्रज्ञानाच्या इतिहासात हमखास भेटते. ते अर्धेच खरे आहे. फोन हे मुळात कानाचे आणि बोटांचे यंत्र. कंपन्यांनी पुढे त्याला पाहण्याचे यंत्र केले, आणि जे काढून घेतले तेच परत देताना त्याला ‘सुविधा’ असे नाव दिले.

२/ अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ साली पेटंट मिळाले. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नसे आणि पत्नी कर्णबधिर होती. ज्या उपकरणाने बेल जगप्रसिद्ध झाले, ते त्यांच्या घरातल्या या दोघींच्या उपयोगाचे नव्हते. अंध माणसाचे मात्र त्यावाचून काही अडत नव्हते. दोन टोकांवरची माणसे परस्परांना दिसत नाहीत, हीच तर फोनची मूळ अट. तिच्यापुढे सगळे सारखे.

३/ हे लवकरच ओळखले गेले. आर्थर पिअर्सन यांनी १९१५ मध्ये लंडनला महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था काढली. तिथे ब्रेल, टंकलेखन, मालिश यांच्या जोडीने टेलिफोन ऑपरेटरचे कामही शिकवले जाई. भारतातही वेताच्या खुर्च्या विणण्याखालोखाल अंधांची ठरलेली नोकरी कोणती, तर ऑपरेटरची. बँका आणि सरकारी कचेऱ्यांच्या स्विचबोर्डवर बसलेल्या या माणसांना एक्स्टेन्शनचे आकडे मुखोद्गत असत. एका चौकटीत कोंडणारी नोकरी होती ती, यात शंका नाही; पण यंत्र त्यांच्या आड येत नव्हते.

४/ तबकडीचा फोन आठवावा. दहा भोके आणि एक धातूचा अडसर. अडसरापासून भोके मोजत बोट नेले की आकडा सापडे आणि तबकडी परतताना होणाऱ्या आवाजावरून तो पडताळताही येई. ‘नंबर फिरवणे’ हा शब्दप्रयोग त्या स्पर्शाचाच अवशेष.

५/ १९६३ मध्ये अमेरिकेत बटणांचा फोन आला. बेल प्रयोगशाळेने बटणांच्या अनेक मांडण्या माणसांवर तपासून तीन-तीनच्या ओळी आणि खाली शून्य ही रचना निवडली. पुढे ‘५’ या बटणावर बारीक उंचवटा देण्याची प्रथा रुळली. तो एक ठिपका सापडला की उरलेली बटणे आपोआप सापडतात. सुलभतेच्या इतिहासात इतक्या कमी खर्चात इतके मोठे काम क्वचितच झाले असेल.

६/ याच काळातला जो एन्ग्रेसिया हा १९४९ साली जन्मलेला, जन्मांध अमेरिकन मुलगा. स्वरांची अचूक जाण असलेल्या या मुलाला साताठ वर्षांचा असतानाच उमगले की फोनमध्ये ठरावीक उंचीची शीळ घातली की लाइन तुटते. तो स्वर २६०० हर्ट्झचा. लांब पल्ल्याच्या लाइनवरची यंत्रे परस्परांना याच स्वराने खुणा देत आणि त्या खुणा आवाजाच्याच मार्गाने जात. फुकट फोन करणाऱ्या या मंडळींवर ‘एस्क्वायर’ मासिकात १९७१ साली लेख आला. त्यांपैकी बरेच अंध होते. त्यांच्या उद्योगांची नोंद गुन्हेगारी किंवा गंमत म्हणून होते. ती ज्ञानाची नोंद म्हणूनही व्हायला हवी. टेलिफोनचे जाळे हे ऐकण्याचे जाळे आहे, हे या मुलांइतके फार थोड्यांना कळले होते.

७/ मोबाइल आला आणि चित्र पालटले. बटणे होती, पण नावे, संदेश, मेन्यू सारे छोट्या पडद्यावर. नोकियाच्या काही फोनांवर ‘टॉक्स’ नावाचे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर चाले. पण ते वेगळे विकत घ्यावे लागे. म्हणजे डोळस ग्राहकाने फोनचे पैसे द्यायचे आणि अंध ग्राहकाने फोनचे देऊन वर तो वाचण्याचेही.

८/ २००७ च्या आयफोनने बटणेही काढली. सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही. जाहिरातींत ज्याला क्रांती म्हटले गेले, ती अंध ग्राहकासाठी गुळगुळीत भिंत होती.

९/ दोन वर्षांनी, २००९ च्या जूनमध्ये, ‘आयफोन ३जीएस’वर ‘व्हॉइसओव्हर’ आले. बोट फिरवावे तसा फोन बोलतो. दोनदा टिचकी मारली की निवड होते. जादा पैसे नाहीत. काच तशीच सपाट होती, तरी ती बोलू लागली. मग अडचण काचेची नव्हती. कोणता ग्राहक आधी आणि कोणता नंतर, हा क्रम कोणीतरी लावलेला होता. त्याच वर्षी अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आले.

१०/ न्यायाने हेही म्हटले पाहिजे की बोलणाऱ्या फोनने तबकडीपेक्षा कितीतरी अधिक दिले. नोटा ओळखणे, रस्ता शोधणे, वर्तमानपत्र दुसऱ्याच्या सवडीवाचून वाचणे. जुन्या फोनचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण आज एखाद्या ॲपच्या नव्या आवृत्तीत बटणाला नावच दिलेले नसते आणि फोन नुसता ‘बटण’ एवढेच म्हणतो, तेव्हा २००७ चीच पुनरावृत्ती होते, आणि तीही दर थोड्या दिवसांनी.

११/ भारतात तर प्रश्न फोन वापरण्याच्याही आधी उभा राहिला. बँक खाते वा सिमकार्ड यांसाठीच्या डिजिटल केवायसीत ग्राहक जिवंत माणूस आहे हे पडताळायला डोळे मिचकवायला सांगितले जाई. ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि एक अंध नागरिक यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. सोबत वीस निर्देश दिले. जिवंतपणा सिद्ध करायला डोळे मिचकवण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवावा, हा त्यांतलाच एक.