अस्वल हुडकणं

दिवाळी आटपली की मी चार दिवसांची रजा टाकून गावाला जातो. मॅनेजरला दरवर्षी "फॅमिली फंक्शन" असं सांगतो. खरं कारण भाताची सुगी. ते सांगितलं तर तो हसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे "वॉव, सो कूल" म्हणेल.

गाव आजऱ्याच्या पश्चिमेला. आंबोलीच्या रस्त्याने निघायचं आणि मोबाईलची रेंज गेली की डावीकडे वळायचं. आजरा म्हटलं की कुणाला 'मृत्युंजय'वाले शिवाजी सावंत आठवतात, कुणाला घनसाळ तांदूळ (2016 साली जीआय मिळाल्यापासून तो पुण्यात परवडेनासा झालाय, ते जाऊ दे). मला आठवतं ते कार्तिकातलं धुकं, खाचरात आडवं पडलेलं भात आणि चुलीवरचा गुळाचा चहा.

यंदा मात्र सुगीची मजा नव्हती. मी पोचायच्या आठवडाभर आधी आमच्या भावकीतल्या एका काकांना अस्वलाने फाडलं. पहाटे एकटेच खळ्याकडे निघाले होते, बॅटरी होती पण बंद, कारण वाट पायाखालची. बांधाच्या वळणावर वारुळात डोकं खुपसून बसलेलं अस्वल त्यांना दिसलं नाही आणि अस्वलालाही ते दिसले नाहीत. अंतर पाच-सहा पावलांचं. काका वाचले, पण एक डोळा गेला. मी भेटायला गेलो तेव्हा चेहऱ्यावर पट्ट्या, आणि पहिला प्रश्न मला: "भाताचं भारं आत घेतलं काय गा?"

त्याच संध्याकाळी देवळात माणसं जमली. पंचविशीतली पोरं तापलेली होती. हत्ती 2002 च्या सुमारास कर्नाटकातून खाली सिंधुदुर्गात उतरले आणि पुढे चंदगड-आजऱ्यातही आले, ते सोसलं. गवे रोज रात्री ऊस आणि भात तुडवतात, तेही सोसलं. आता अस्वल. "लायसन द्या म्हणावं, आमी बघतो." टाळ्या. रेंजच्या ठिपक्यावर उभं राहून मी हे न्यू जर्सीतल्या मित्राला कळवलं, तर त्याचं उत्तर दोन मिनिटांत: "बरोबर आहे त्यांचं. इकडे सीझन असतो, लोक रीतसर अस्वलं मारतात, तरी अस्वलं वाढतच आहेत. तुमच्याकडे नुसती भावनिक नाटकं."

मला दोघांचंही चुकतंय असं वाटतं. का, ते सांगतो.

आधी मित्राचं घेऊ, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. 2009 ते 2011 मी पेनसिल्व्हेनियात ऑनसाइट होतो. टीममधला एक टेस्टर पक्का शिकारी. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात अर्ध्या ऑफिससारखा तोही गायब व्हायचा. एका वर्षी तो मला चेक स्टेशन दाखवायला घेऊन गेला. मारलेलं प्रत्येक काळं अस्वल तिथे आणावंच लागतं. त्याचं वजन करतात, वय कळावं म्हणून एक दात काढून घेतात, कानाला बिल्ला आहे का बघतात. भोवती पोराबाळांना घेऊन आलेली गर्दी, कॉफी, हॉट डॉग. जत्राच.

मला मृत अस्वलांपेक्षा त्या बिल्ल्यांत जास्त रस वाटला (आपली जातच तसली). हिशोब साधा आहे. समजा उन्हाळ्यात 500 अस्वलांना बिल्ले लावून सोडलं आणि सीझनमध्ये त्यातली 100 चेक स्टेशनवर आली. म्हणजे पाचातलं एक मारलं गेलं. आता एकूण 3000 आली असतील, तर राज्यात साधारण 15000 होती. झालं मोजून! आकडा जास्त वाटला तर सीझन लांबवायचा, कमी वाटला तर आखडायचा. शिवाय 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवर जो कर लागतो, तो वन्यजीवांच्या कामालाच जातो. म्हणजे शिकारीच जंगलाचा खर्च उचलतो.

आणि सीझन थंडीच्या तोंडावर का, यालाही कारण आहे. तिथलं काळं अस्वल हिवाळा गुहेत झोपून काढतं. त्याआधी ते दिवसाला पंधरा-वीस हजार कॅलरी खातं. म्हणून शिकारी आधी अस्वल शोधतच नाही, खाणं शोधतो: ओकची फळं कुठे पडलीत, बीचच्या बिया कुठल्या उतारावर आहेत, मक्याचं कुठलं शेत तुडवलंय. खाणं सापडलं की अस्वल सापडलंच. गाभण मादी सगळ्यांत आधी गुहेत जाते. म्हणजे सीझन जितका उशिरा, तितक्या पिलांच्या आया बंदुकीपुढे कमी येतात. व्यवस्था विचार करून लावलेली आहे, मान्य.

पण हाच कोड उचलून आजऱ्यात कॉपी-पेस्ट केला तर काय होईल? कंपाईलसुद्धा होणार नाही.

आपलं अस्वल वेगळं. ते झोपायला जात नाही. खातं वाळवी, मुंग्या, मध, उंबरं, जांभळं, करवंदं, उन्हाळ्यात फणस. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी व्हॅक्यूम क्लीनरसारखी ओढून घेतं. जोडी जमते उन्हाळ्यात, आणि पिलं बरीचशी थंडीच्या सुरुवातीला होतात. म्हणजे ज्या कार्तिक-मार्गशीर्षात पेनसिल्व्हेनियातली गाभण मादी सुरक्षित जागी गेलेली असते, त्याच दिवसांत आपली अस्वलीण पोटात किंवा घळीत पिलं घेऊन वावरत असते. त्या वेळी बंदूक चालवली तर एका गोळीत तीन जीव. पुढे दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, पिलं आईबरोबर असतात, सुरुवातीचे महिने तर तिच्या पाठीवर बसूनच फिरतात. तोवर ती परत वीत नाही. जगभरात ही अस्वलं वीस हजारांहून कमी असावीत असा अंदाज आहे, तर एकट्या पेनसिल्व्हेनियात काळी पंधरा हजारांच्या आसपास. आजऱ्याच्या रानात किती? तिथे कानात बिल्ला कुणाच्या आहे? फक्त गाई-म्हशींच्या.

कायद्याबद्दल देवळात जे बोललं जात होतं तेही अर्धवट होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मारलं तर तीन ते सात वर्षं. पण जीव वाचवताना नाइलाजाने जनावर मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, आणि एखादं जनावर खरोखर माणसांच्या जिवावर उठलं तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्यापुरता आदेश काढू शकतात. म्हणजे वाट आहे, फक्त ती एका जनावरापुरती आहे, सगळ्या जातीला सीझन लावण्याची नाही. रानडुकराला शेतकऱ्याने रीतसर परवानगी घेऊन मारण्याची सोय सरकारने 2015 साली केली. तिचं गावात काय झालं? कागद कोण करत बसतो! पोरं क्लचच्या वायरीचे फास लावतात. फासाला डुक्कर कोण आणि अस्वल कोण हे कळत नाही, आणि कमरेत वायर रुतलेलं अस्वल निसटलं तर ते पुढच्या माणसाशी कसं वागेल हे सांगायला नको. लायसनच्या पाठोपाठ हेच येणार. चेक स्टेशनवर हॉट डॉग खात दात मोजणारी यंत्रणा येणार नाही.

हे मी देवळात बोललो नाही. पुण्याहून चार दिवस आलेल्या माणसाने डोळा गेलेल्या काकांच्या वाडीत अनुसूची वाचून दाखवायची नसते, एवढं कळतं. बोलले ते आण्णा. आण्णा म्हणजे आमचे थोरले चुलते, ऐंशी ओलांडलेले. 1972 च्या आधी ते ठासणीची बंदूक घेऊन रानात जायचे आणि त्यांनी अस्वल मारलंय हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी माझ्या गळ्यात अस्वलाच्या केसाचा ताईत होता, पोरगं दचकू नये म्हणून. दरवेशाकडून घेतलेला नव्हे, आण्णांनी मारलेल्याचा. त्यामुळे पोरांना वाटलं, आण्णा आपल्या बाजूचे.

आण्णा म्हणाले, "मारायला बंदूक लागती. हुडकायला डोळं लागत्यात. तुमच्यातल्या एकाला तरी हुडकता येतंय काय?"

सगळे गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, "आण्णा, मला दाखवा." माझा हात धरून म्हातारा सड्यापर्यंत आला. दोन तासांत त्यांनी जे दाखवलं ते मी चाळीस वर्षं त्याच वाटेने जाऊन कधी पाहिलं नव्हतं. पावसाळा सरला की माती आवळते आणि उकरलेलं वारूळ लांबूनही उठून दिसतं. उकरलेल्या भोकावर कोळ्याचं जाळं असेल तर जुनं. जाळं नाही, माती आतून ओली आणि वर दव नाही, तर ते रात्रीचंच. पंजाचा ठसा माणसाच्या पावलासारखा, फक्त बोटांच्या पुढे बोटभर अंतरावर नख्यांची भोकं. विष्ठेत बिया असतील तर ते उंबराखाली परत येणार, मुंग्यांची टरफलं असतील तर वारुळांच्या रांगेने फिरणार. झाडाच्या सालीवर ओरखडे असले तर वर मधाचं पोळं होतं किंवा आहे. "आणि कान दे," म्हणाले. वाळवी ओढताना अस्वल असा फुर्र-फुर्र आवाज करतं की तो शंभर पावलांवरून ऐकू येतो. पण त्या वेळी त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही. नाक-डोकं मातीत. म्हणून ते दचकतं आणि दचकलं की अंगावर येतं. पळून जाण्यापेक्षा तोंड द्यायचं, अशीच त्याची जात घडलीय, वाघ-बिबट्यांच्या शेजारात राहून.

काकांच्या बांधापासून साठ-सत्तर पावलांवर तीन वारुळं उकरलेली होती. एक जुनं, दोन त्याच आठवड्यातली. ज्याला वाचता येत होतं त्याच्यासाठी तिथे पाटीच लावलेली होती, "इथून पुढे बोलत या" अशी. वाडीत ती वाचता येणारा माणूस एकच, आणि तो गुडघ्यामुळे घराबाहेर पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिकार बंद केली ते बरोबरच केलं, पण मारण्याबरोबर हुडकणंही आपण टाकून दिलं. आण्णांच्या पिढीला रान वाचता यायचं कारण त्यांना त्यात सावज दिसायचं. आमच्या पिढीला रानात काहीच दिसत नाही. गावातल्या पोराला फोनचा टॉर्च लावून बांधावरून जायचं असतं आणि शहरातल्याला आंबोलीच्या घाटात गाडीच्या काचेतून स्पॉटलाइट मारून रील करायचं असतं. दुसऱ्या प्रकारात मीही मोडलोय, 2015 च्या पावसाळ्यात. आणि हो, पुण्यात बसून "माणसानेच अतिक्रमण केलंय" असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. काकांचं खाचर त्यांच्या पणजोबांचं आहे.

न जाणता जाण्याची किंमत न्यू जर्सीतही मोजली गेलीय, जिथे लायसन, सीझन सगळं आहे. 2014 च्या सप्टेंबरात वेस्ट मिलफर्डच्या रानात एडिसनची पाच मित्रमंडळी हायकिंगला गेली. समोरून येणाऱ्यांनी सांगितलं, पुढे अस्वल आहे, परत फिरा. ही पुढे गेली, फोटो काढले, अस्वल मागे लागलं तशी पाच दिशांना पळाली. त्यातला रट्गर्सला शिकणारा बावीस वर्षांचा मुलगा परत आला नाही. भारतीय घरातला, आपल्यातल्या कुणाचाही धाकटा भाऊ शोभला असता. मी हे मित्राला लिहिलं. तो बराच वेळ टाइप करत होता, मग "हं" एवढंच आलं.

2020 च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने आजरा-भुदरगडचं सुमारे 24 हजार हेक्टर रान संवर्धन राखीव करायचं ठरवलं, शेजारी चंदगडचंही. चांगलं झालं. पण नकाशावर रंग भरला म्हणून पहाटे खळ्यावर जाणाऱ्या बाईला काय कळणार? त्यापेक्षा सुगीच्या दोन महिन्यांसाठी प्रत्येक वाडीत आण्णांसारख्या एकाला आणि दोन पोरांना रोजंदारी द्या. सकाळी वाटा फिरायच्या, ताजं उकरलेलं दिसलं तर काठीला लाल फडकं बांधायचं, संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं. ज्या पोरांना बंदूक हवी होती त्यांनाच हे काम द्या, त्यांचे पाय चांगले आहेत. माणूस गेला तर सरकार 25 लाख देतं, द्यायलाच हवेत. त्यातल्या एका रकमेत किती वाड्यांची किती वर्षं सुगी निघेल, हिशोब करून बघा.

मी निघायच्या आदल्या रात्री लॅपटॉप उघडून आण्णांच्या सगळ्या खुणांची एक्सेल शीट केली. तारीख, जागा, जुनं की ताजं, जाळं आहे की नाही. वेगवेगळ्या रंगांत. दाखवायला त्यांच्या खाटेजवळ नेली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली, खाली-वर करायला सांगितली, मग म्हणाले,

"चांगलं केलंस. आता ह्ये घेऊन उद्या पाटं काकाच्या खळ्यावर जा. भारं अजून भाईरच हाईत. आणि जाताना मोठ्यानं गाणं म्हण."