स्वर्गातील वशिला आणि मूर्तिपूजेचा आरोप

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दशवार्षिक प्रदर्शन पार पडले. बॉम जेझूस बॅसिलिकेतून ते अवशेष से कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले आणि लाखो लोकांनी रांगेत उभे राहून त्यांचे दर्शन घेतले. त्याआधी ऑक्टोबर महिन्यात या अवशेषांची डीएनए चाचणी व्हावी, या मागणीवरून गोव्यात वादळ उठले होते. अस्थी कोणाच्या, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास गौण वाटतो. खरा प्रश्न त्या रांगेतील भाविकाच्या ओठांवर होता. १५५२ मध्ये निधन पावलेल्या एका माणसाला तो सांगत होता की, आमच्यासाठी देवापाशी शब्द टाक. मृत संताला अशी गळ घालावी की नाही, या एका मुद्द्यावर ख्रिस्ती जग पाच शतके दुभंगलेले आहे, आणि त्या वादाचा आपल्याशी वाटतो त्याहून फार निकटचा संबंध आहे.

वाद थोडक्यात समजून घेऊ. जुलै १५०५ मध्ये स्टॉटरनहाइम गावाजवळ मार्टिन ल्यूथर हा तरुण विद्यार्थी विजांच्या कडकडाटात सापडला. प्राणभयाने त्याने धावा केला तो देवाचा नव्हे, येशूचाही नव्हे, तर मेरीची माता मानल्या गेलेल्या संत ॲनचा. वाचलो तर संन्यासी होईन, असा नवस तो बोलला आणि त्याप्रमाणे मठात गेलाही. पुढे याच ल्यूथरच्या बंडातून जो पंथ उभा राहिला, त्याने १५३० च्या आउग्सबुर्ग जाहीरनाम्यात लिहून ठेवले की, संतांचे स्मरण करावे, त्यांच्या चरित्राचा कित्ता गिरवावा, परंतु त्यांचा धावा करू नये. १५६३ हे वर्ष तर मोठे मौजेचे. त्या वर्षी इंग्लंडच्या चर्चने आपल्या धर्मकलमांत संतांचा धावा ही पोकळ, मनगढंत गोष्ट ठरविली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्रेंट येथील रोमन धर्मपरिषदेने तोच धावा चांगला व उपयुक्त असल्याचा निर्णय दिला. एकच बायबल आणि एकच येशू मानणाऱ्यांनी एकाच वर्षी दिलेले हे दोन निकाल!

प्रोटेस्टंटांचा आधार स्पष्ट आहे. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो म्हणजे ख्रिस्त, असे पौलाच्या नावे असलेल्या तिमथ्याच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. मृतांकडे विचारणा करू नये, असा निषेध जुन्या करारात आहे. कॅथलिक उत्तर देतात की, तुम्ही शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे सांगता, तेव्हा ख्रिस्ताचे मध्यस्थपद कमी होत नाही. मग स्वर्गातील भक्ताला सांगितले तर कसे होईल? हा युक्तिवाद आजचा नाही. इ.स. ४०६ च्या सुमारास जेरोमने विजिलॅन्शियस नावाच्या धर्मगुरूला याच धर्तीवर खडसावले होते. देहात असताना, स्वतःची चिंता असताना जे हुतात्मे इतरांसाठी प्रार्थना करू शकत, ते विजय मिळविल्यानंतर मुके होतात काय, असा त्याचा रोख होता. मृत यिर्मया आपल्या लोकांसाठी प्रार्थना करीत असल्याचा प्रसंग मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात येतो. पण प्रोटेस्टंटांनी ते पुस्तकच प्रमाणग्रंथांतून वगळले. तरीही ल्यूथरपंथीयांनी १५३१ च्या समर्थनग्रंथात संत स्वर्गात चर्चसाठी सर्वसाधारण प्रार्थना करीत असतील, इतके मान्य केलेच. नाकारले ते आपण त्यांना हाक मारणे.

या वादात आमच्यासारख्या तिऱ्हाइताने मत द्यावे काय? द्यावे, कारण हा विषय आम्हाला परका नाही. तुलसीदासांची विनयपत्रिका हा मुळातच रामाच्या दरबारी धाडलेला अर्ज आहे. तुलसीदास हनुमंताला विनवतात, भरत-लक्ष्मणांना विनवतात आणि सीतामाईला सांगतात की, योग्य वेळ पाहून माझी आठवण काढा. शेवटी लक्ष्मण अर्ज पुढे करतो आणि रघुनाथाची सही होते. श्रीवैष्णव संप्रदायात तर लक्ष्मीच्या मध्यस्थीला शास्त्रीय नाव आहे, पुरुषकार. आणि वारकऱ्याचे काय? आळंदीत १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी संजीवन समाधी घेतली. त्या समाधीपुढे उभा राहणारा वारकरी गेलेल्या माणसापुढे उभा आहे, असे मानतच नाही. माउली आहेत, एवढेच त्याला ठाऊक. ते विठ्ठलाकडे आपला वशिला लावतील, असा हिशेबही त्याच्या मनात नसतो; संत आणि देव यांच्यात त्याने इतके अंतर ठेवलेलेच नाही. रोमन कल्पनेत स्वर्ग हे न्यायालय आहे आणि संत हा वकील. आमच्याकडे तो बहुधा घरातला वडीलधारा असतो. फरक आहे तो हा. हाक मारण्यात नाही.

म्हणून नि:संकोच सांगतो, या भांडणात आमचे माप कॅथलिकांच्या पदरात पडते. मृत्यूने प्रेम तुटत नाही, पुण्यवंताची आस्था चितेवर किंवा थडग्यात संपत नाही, ही जाणीव माणसाइतकी जुनी आहे. ती कापून काढणारा धर्म तर्कशुद्ध असेल. पण त्याच्या अनुयायाला आपल्या पितरांकडे पाठ फिरवून उभे राहावे लागते.

परंतु हे माप पदरात घेतल्यावर कॅथलिक चर्चला त्याची किंमतही मोजावी लागेल. मृतांशी नाते धर्म्य आहे, तर ते नाते जपणाऱ्या इतरांना शतकानुशतके दंड का झाला? चीनमधील ख्रिस्ती लोकांनी आपल्या पूर्वजांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावावी की नाही, यावर रोममध्ये अनेक दशके खल झाला आणि १७४२ मध्ये चौदाव्या बेनेडिक्टने त्यावर कायमची बंदी घातली. ‘कायमची’ बंदी १९३९ मध्ये उठली, ती गोष्ट निराळी. म्हणजे युरोपातील हुतात्म्याच्या अस्थींपुढे मेणबत्ती पुण्यकारक आणि चिनी आजोबांच्या नावापुढे उदबत्ती पापकारक!

गोव्याचा इतिहास तर याहून कठोर आहे. ज्या झेवियरला आज शब्द टाकायला सांगितले जाते, त्यानेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन स्थापण्याची विनंती केली. ते न्यायासन त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले. मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात हे सारे साधार मांडून ठेवले आहे. १७३६ च्या फर्मानाने तर बाटलेल्या कुटुंबांच्या दारातील तुळस आणि चुलीवरचा अळणी भातही गुन्ह्यांच्या यादीत घातला. एका बाजूला संताचा उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला भक्तिभावाने नेला जात होता, दुसऱ्या बाजूला तुळशीचे रोप हा धर्मद्रोहाचा पुरावा ठरत होता. आराधना केवळ देवाची, संतांना फक्त आदर, असा भेद चर्च सांगते. तो भेद आम्हाला मान्य आहे. मात्र तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या गोमंतकीय स्त्रीच्या मनातही असाच काही भेद असू शकेल, हे विचारण्याची तसदी त्या न्यायासनाने घेतली नाही.

महाराष्ट्रात आलेले मिशनरी बहुतांशी प्रोटेस्टंट होते. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये जॉन विल्सनशी आणि विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घातले. मूर्तिपूजेचा तोच आरोप हे मिशनरी रोमन पंथीयांवरही करीत, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

आज काळाने त्याच आरोपाचे टोक पुन्हा चर्चकडे वळविले आहे. गोव्यात ज्यांना ‘बिलिव्हर’ म्हणतात, ते नवे प्रचारक कॅथलिक घरांत जाऊन सांगतात की, मेरीची मूर्ती आणि झेवियरची तसबीर ही मूर्तिपूजा आहे, ती घराबाहेर काढा. कॅथलिक शेजाऱ्याला यामुळे होणारी वेदना आम्ही समजू शकतो. देव्हारा काढा, हे वाक्य आमच्या पाड्यापाड्यांत ऐकू येते. तो शेजारी आमचा शत्रू नाही. म्हापशाच्या मिलाग्र साईबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानणारी आणि सणाला तेल-फुलांची देवघेव करणारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. त्यांना ट्रेंटच्या ठरावाची गरज कधी भासली नाही.

एक मुद्दा अजून राहिला, चमत्कारांचा. संतपद देण्याची रोमन पद्धत याच मध्यस्थीच्या सिद्धांतावर उभी आहे. मृत व्यक्तीचा धावा केला, रोग बरा झाला, वैद्यकाला कारण सापडले नाही, म्हणजे ती व्यक्ती स्वर्गात आहे, असे हे अनुमान. मदर तेरेसांच्या २००३ मधील धन्यपदासाठी पश्चिम बंगालमधील एका वनवासी स्त्रीचा आजार बरा झाल्याचा दाखला घेतला गेला; तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी श्रेय औषधांना दिले होते. २०१६ मध्ये मदर संत झाल्या. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे सभा घेणाऱ्या आमच्या पुरोगामी मित्रांनी या दाखल्यावर किती सभा घेतल्या, हे त्यांचे त्यांनीच सांगावे. खुद्द गोव्याच्या जोसेफ वाझ यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल करून संत घोषित केले. म्हणजे दाखला अपरिहार्य नाही, हे रोमलाही ठाऊक आहे.

मध्यस्थी कोठवर मानायची, याबाबत खुद्द व्हॅटिकनही चाचपडत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील धर्मसिद्धांत विभागाने मेरीला ‘सह-उद्धारक’ म्हणणे योग्य नाही, असे टिपण काढले; कित्येक भाविक ही पदवी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. स्वतःच्या घरातील भक्तांना इतक्या हळुवारपणे समजावणारे चर्च भारतातील बिशपांमार्फत एक साधे निवेदन काढू शकते: समाधीपुढे, तुळशीपुढे, पितरांच्या नावे दिवा लावणारा हिंदू मूर्तिपूजेचे पाप करीत नाही, आणि १७३६ चे फर्मान हा अन्याय होता. झेवियरच्या अवशेषांचे पुढचे प्रदर्शन दशवार्षिक प्रथेनुसार २०३४ मध्ये व्हायचे आहे. तोवर त्यांना पुरेसा वेळ आहे.