तिरोडीत हिंदी, चिखल्यात काय?

तुमसर रोड स्टेशनातून एक रेल्वेफाटा तिरोडीकडे जातो. हा सगळा मँगनीजचा पट्टा. वाटेत भंडारा जिल्हा संपतो आणि मध्य प्रदेशातला बालाघाट सुरू होतो. अलीकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे तिरोडी. तिन्ही ठिकाणच्या खाणी एकाच सरकारी कंपनीच्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइलच्या. खाणीत उतरणाऱ्या माणसांच्या घरची मुलं बारावी वाणिज्य होऊन सी. ए. व्हायचं ठरवतात, तेव्हा मात्र मधली सीमा आडवी येते. हिंदी शाळेत शिकलेला तिरोडीचा मुलगा सी. ए. च्या पहिल्या पायरीचे, म्हणजे फाउंडेशनचे, पेपर हिंदीत लिहू शकतो. मराठी शाळेत शिकलेल्या चिखल्याच्या मुलीला इंग्रजी आणि हिंदी यांतून एक भाषा निवडावी लागते. अर्जात मराठीचा पर्यायच नाही.

ही गोष्ट आज मांडायची, कारण सी. ए. च्या अभ्यासक्रमात गेल्या काही वर्षांत मोठे आणि बहुतांशी चांगले बदल झाले आहेत. जुलै २०२३ पासून इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने नवी शिक्षण-प्रशिक्षण योजना लागू केली. इंटर आणि फायनल या दोन्ही परीक्षांत पूर्वी आठ-आठ पेपर होते, ते सहा-सहा झाले. आर्टिकलशिप, म्हणजे सी. ए. च्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. परीक्षा वर्षातून दोनदा व्हायच्या; आता फाउंडेशन आणि इंटर तीनदा होतात, आणि २०२५ पासून फायनलही जानेवारी, मे, सप्टेंबर अशी तीनदा. एखादा अटेम्प्ट गेला तर सहा महिने घरी बसून नातेवाइकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागत नाही, चार महिन्यांत पुन्हा बसता येतं. ज्या घरात मुलाच्या कमाईची वाट पाहिली जाते, तिथे या दोन महिन्यांचं मोल फार मोठं आहे.

काही विषय मुख्य परीक्षेतून काढून स्वतःच्या गतीने शिकायच्या ऑनलाइन संचांत टाकले आहेत. असे चार संच फायनलच्या आधी पूर्ण करायचे, प्रत्येकात किमान पन्नास टक्के मिळवायचे. चौथ्या संचात भारतीय संविधान आणि वकिलीची कला किंवा मानसशास्त्र व तत्त्वज्ञान असेही पर्याय आहेत. फायनलचा शेवटचा पेपर पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा, सगळ्या विषयांना कवेत घेणारा. ज्याने ही रचना आखली त्याला पाठांतरापलीकडचा हिशेबनीस हवा होता, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

आणि या शिक्षणाची मूळ थोरवी तर अजून वेगळीच आहे. इथे डोनेशन नाही, जागांची मर्यादा नाही, कॉलेजच्या नावाचा दबदबा नाही. दहावीनंतर तात्पुरती नोंदणी करता येते, बारावीनंतर परीक्षेला बसता येतं, आणि फाउंडेशनच्या नोंदणीचा खर्च एखाद्या खासगी क्लासच्या फीपुढे किरकोळ ठरतो. लाखांदूरच्या धान उत्पादकाच्या मुलासाठी डॉक्टरकी वा परदेशी एम. बी. ए. ज्या अर्थाने दूर आहे, त्या अर्थाने सी. ए. दूर नाही. म्हणूनच या दारात भाषेची अडचण राहावी हे जास्त खुपतं.

फाउंडेशनची रचना नीट पाहिली की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं. शंभर गुणांचे चार पेपर. लेखाशास्त्र आणि व्यवसायविषयक कायदे हे दोन लिहायचे. गणित-तर्क-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र हे दोन वस्तुनिष्ठ, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रत्येक पेपरात चाळीस आणि एकूण चारशेपैकी दोनशे गुण मिळवले तरच पास. चारही पेपरांत चाळीस-चाळीस मिळवणारा विद्यार्थी नापास होतो. वरच्या परीक्षांत एखाद्या पेपरात साठ गुण मिळाले तर त्या पेपरातून सूट मिळू शकते. फाउंडेशनला ती सोय नाही. कायद्यात पस्तीस पडले की गणितात ऐंशी मिळालेले असले तरी चारही पेपर पुन्हा.

आता कायद्याचा पेपर घ्या. १८७२चा करार कायदा, १९३०चा वस्तुविक्री कायदा, १९३२चा भागीदारी कायदा. यातले व्यवहार भंडाऱ्याच्या मुलाने लहानपणापासून पाहिलेले असतात. सरकारी खरेदी केंद्रावर धान विकलं जातं, मग ते भरडाईसाठी राइस मिलकडे जातं. धान मिलमध्ये असतं, पण मालकी मिलवाल्याकडे जात नाही. ठरल्या प्रमाणात तांदूळ परत करायचा असतो. करार कायद्याच्या १४८व्या कलमापासून जो निक्षेपाचा (बेलमेंटचा) विषय सुरू होतो, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही. अडत्या शेतकऱ्याच्या वतीने माल विकतो, तिथे १८२व्या कलमातली एजन्सी उभी राहते. साच्याची उत्तरं पाठ केलेल्या शहरी मुलापेक्षा तुमसरच्या बाजारात वावरलेल्या मुलीला हा कायदा खोलवर कळतो.

पण तिला तो लिहून दाखवायचा आहे इंग्रजीत किंवा हिंदीत, तेही घड्याळाशी झुंजत. कायदा आधी सांगा, मग तो दिलेल्या प्रसंगाला लावा, मग निष्कर्ष काढा, अशा तीन पायऱ्यांच्या उत्तरात प्रत्येक वाक्याला गुण असतो. बारावीपर्यंत रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, ताळेबंद हे सगळं तिने मराठीत केलेलं असतं. राज्य मंडळाची पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन, चिटणीसाची कार्यपद्धती ही पुस्तकं मराठीत आहेत आणि त्यांवरच तिचा पाया उभा आहे. निकाल लागल्यावर काही महिन्यांत तिने तोच पाया दुसऱ्या भाषेत नव्याने घालायचा. ज्ञान कमी पडलं म्हणून नापास होणं वेगळं, आणि आपल्याला माहीत असलेलं वेळेत मांडता आलं नाही म्हणून नापास होणं वेगळं. आजची परीक्षा या दोघांना एकाच यादीत बसवते.

यावर नेहमी एक उत्तर येतं: सी. ए. ला पुढे सगळं इंग्रजीतच करायचं आहे, मग सुरुवातीलाच सवय झालेली बरी. उत्तर वजनदार आहे आणि निम्मं खरंही आहे. फायनलचा फायनान्शियल रिपोर्टिंगचा पेपर भारतीय लेखामानकांवर, म्हणजे इंड-एएसवर, बेतलेला आहे. मॉइलसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला ही मानकं लागू आहेत. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याचा जो खर्च येणार, त्याची तरतूद कशी मोजायची हे मानक ३७ सांगतं. तो मजकूर इंग्रजीत वाचता आलाच पाहिजे. फायनल मराठीत घ्या, अशी मागणी या स्तंभाची नाही. इंटरचीही नाही.

मागणी पहिल्या पायरीची आहे, आणि तिचा सगळ्यात भक्कम आधार इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या नियमांत सापडतो. २०१७च्या योजनेत फाउंडेशनच्या कायद्याच्या पेपरात चाळीस गुण व्यावसायिक पत्रव्यवहार आणि अहवाललेखनाला होते. भाषेची म्हणावी अशी ती एकमेव परीक्षा. २०२३मध्ये ती काढून टाकली आणि पूर्ण शंभर गुण कायद्याला दिले. भाषाकौशल्य ही प्रवेशाची कसोटी नाही, असा निर्णय म्हणजे इन्स्टिट्यूटने आधीच घेतलेला आहे. दुसरं, वाणिज्य शाखेचा पदवीधर पंचावन्न टक्के गुण असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी करू शकतो. महाराष्ट्रात बी. कॉम. मराठी माध्यमातून करता येतं. मराठीत पदवी घेतलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाला थेट दुसऱ्या मजल्यावर घेता, तर अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्या मजल्यावर मराठीत उत्तर लिहू द्यायला हरकत कसली? आणि हिंदीत फाउंडेशन लिहिणाऱ्या मुलांना पुढे इंग्रजी मानकं वाचावी लागतात, म्हणून कोणी हिंदीचा पर्याय काढा म्हणत नाही. काढूही नये.

फाउंडेशन पास झाल्यावर इंटरसाठी किमान आठ महिने अभ्यासाला मिळतात. मग ओरिएंटेशन, संगणक प्रशिक्षण, दोन वर्षं ऑफिसात रोज इंग्रजी नोटिसा, रिटर्न, ऑडिट रिपोर्ट. भाषा अशी कामातून येते. तिला यायला वेळ मिळाला पाहिजे, एवढंच.

व्यवहाराच्या अडचणीही मोठ्या नाहीत. डॉक्टर होण्यासाठीची ‘नीट’ परीक्षा मराठीत देता येते. अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. लाखो मुलांच्या परीक्षेत भौतिकशास्त्राचा प्रश्न मराठीत छापता येतो, तर मागणी-पुरवठ्याचा का नाही? फाउंडेशनचे चारांपैकी दोन पेपर तर वस्तुनिष्ठ आहेत, तिथे फक्त प्रश्नपत्रिकेचं भाषांतर लागतं. उरलेल्या दोन पेपरांना मराठी वाचणारे परीक्षक लागतील, आणि मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत मराठी जाणणारे सी. ए. किती आहेत हे सांगायला नको. उत्तरपत्रिका आता संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, त्यामुळे परीक्षक कुठे बसला आहे याने काही अडत नाही.

लेखापरीक्षणाची परीक्षा मराठीत होऊ शकते का, हा प्रश्न तर महाराष्ट्राने केव्हाच निकाली काढला आहे. राज्याच्या सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका परीक्षा पदवीधर मराठीत देतात, आणि अनुभवाच्या अटी पूर्ण करून पुढे सहकारी संस्थांचे प्रमाणित लेखापरीक्षक होतात. भंडारा जिल्ह्यातल्या सेवा सहकारी सोसायट्या आणि पतसंस्थांची दप्तरं मराठीत आहेत. ती तपासणाऱ्याला मराठी हिशेबाची भाषा यावीच लागते. नागपूरच्या ऑफिसातून ऑडिटला आलेल्या ज्या आर्टिकलला मराठी इतिवृत्त नीट वाचता येत नाही, त्याला ठरावात काय मंजूर झालं आणि प्रत्यक्षात काय खर्ची पडलं हे ताडून पाहणं जड जातं. मराठीत पाया पक्का झालेली मुलं या व्यवसायाच्याही उपयोगाची आहेत.

राइस मिलचंच पाहा. भरडाईत शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो कच्चा तांदूळ परत करायचा हा सरकारी निकष. उरतं त्यात कोंडा, कनकी, तूस. यातलं काय विकलं गेलं, कोणत्या भावाने, आणि तुटीतली नेहमीची किती व जास्तीची किती? इंटरच्या कॉस्टिंगमधलं प्रोसेस अकाउंट म्हणजे हेच. भंडाऱ्यात वाढलेल्या मुलाला हे पुस्तकाआधी माहीत असतं, आणि अशा जिल्ह्यातून जितके सी. ए. तयार होतील तितकी या हिशेबांची तपासणी खरी होईल. पण आज मुलं आर्टिकलशिपसाठी साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपूरकडे पाहतात. एक कारण कामाची विविधता; दुसरं, किमान विद्यावेतन गावाच्या लोकसंख्येप्रमाणे उतरतं. चार लाखांखालच्या गावांचा दर सगळ्यात कमी, आणि भंडारा शहर २०११च्या जनगणनेत लाखाच्याही खाली होतं. लहान गावात राहून शिकणाऱ्याला कमी पैसे देणारा हा नियमही बदलायला हवा. त्याबद्दल सविस्तर पुन्हा कधी.

आधी भाषेचं. हा निर्णय इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलच्या हातात आहे. तिथे पश्चिम विभागातून, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, गुजरातमधून, सदस्य निवडून जातात, आणि त्यांना मतं देणाऱ्यांत मराठी सी. ए. मोठ्या संख्येने आहेत. मतं मागायला येणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न त्यांनी विचारावा. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी तो कंपनी व्यवहार मंत्रालयापुढे लेखी मांडावा. सुरुवात पेपर तीन आणि चार या वस्तुनिष्ठ पेपरांच्या द्विभाषिक प्रश्नपत्रिकेने, विदर्भातल्या केंद्रांवर, एखाद्या सत्रापासून करता येईल; प्रश्न इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी छापलेले, शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण. तो अनुभव घेऊन पुढच्या वर्षी लेखाशास्त्र आणि कायद्याचे पेपर. पारिभाषिक शब्द नव्याने घडवायची गरज नाही, बारावीच्या पुस्तकांत आणि राज्याच्या परिभाषा कोशांत ते तयार आहेत.