तिथीची पाऊणपट

बोट घेतली म्हटल्यावर लोक विचारतात, "मग काय, लिबर्टीच्या पुतळ्याला फेऱ्या?" जर्सी सिटीच्या धक्क्यावरून पुतळा हाकेच्या अंतरावर आहे, खरंय. पण मित्राच्या भागीदारीत घेतलेल्या आमच्या बावीस फुटी सेकंडहँड मोटरबोटीची खरी मजा दक्षिणेला. सँडी हूकला वळसा घालायचा, मानास्क्वानपर्यंत उघडा समुद्र, आणि तिथून केप मेपर्यंत सुमारे ११८ मैलांचा आतला जलमार्ग. वाटेत टकरटनच्या खाली ग्रेट बे लागतो. नुसतं खारं गवत, पक्षी आणि चावऱ्या माशा. न्यू जर्सी एवढी निर्मनुष्य असेल असं टर्नपाइकवरून कधी वाटत नाही.

गेल्या जुलैत बाबांना घेऊन गेलो. बाबा दाभोळचे, वाशिष्ठीच्या खाडीवर वाढलेले. लिटल एग इनलेटजवळ म्हणाले, "पाण्याचा रंग बदललाय रे, बाजूला घे." मी स्क्रीनवरचा नकाशा दाखवला: "सात फूट पाणी आहे, बाबा." दोन मिनिटांत बोट वाळूत! या मुखाला दगडी बांध नाहीत, वाळू सारखी सरकते. २०१७ साली कोस्ट गार्डने इथले बोयेच काढून घेतले होते आणि २०१८ मध्ये वाळू उपसल्यावर परत टाकले. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, हे विशेष.

दुपारचे सव्वादोन. बाबांनी विचारलं, "तिथी कुठली?" तृतीया. "तिथीची पाऊणपट, म्हणजे सव्वादोन. आत्ता पूर्ण भरती हवी!" पण पाणी तर डोळ्यांदेखत उतरत होतं. बाबा गप्पच झाले. त्यांच्या रक्तदाबाच्या संध्याकाळच्या गोळ्या मोटेलवर राहिलेल्या.

मी भरतीचं कोष्टक उघडलं. भरती अकरा-सव्वाअकरालाच होऊन गेली होती. मग डोक्यात प्रकाश पडला. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे पाऊणपट दोन्हीकडे चालते. फक्त सुरुवातीचा आकडा वेगळा. अमावास्या-पौर्णिमेला कोकणात भरती बाराच्या सुमाराला, आपल्या इथे आठच्या. उन्हाळी वेळेचा तास धरला की नऊ. म्हणजे बाबांच्या उत्तरातून तीन वजा! पडताळा हवा? सँडी वादळाची रात्र आठवा: २९ ऑक्टोबर २०१२, कोजागिरी पौर्णिमा. जर्सी सिटीत पाणी चढलं ते भरती गाठूनच, नऊच्या सुमाराला.

म्हणजे सुटका रात्री पावणेनऊला. रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर कळवून ठेवलं. बाबांनी मला पाण्यात उतरवलं: "नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाक, नाहीतर भरती आणखी आत ढकलेल." मी तर नांगर होता तिथेच टाकणार होतो. अंधारात बोट हलली, दोरीला ओढ घेत मागे आलो. गोळी चार-पाच तास उशिरा. ते तास मी कसे काढले ते लिहीत नाही.

परत जाताना बाबांनी बोटीत कालनिर्णय टांगलं आणि वर पेनने लिहिलं: "इथे तीन वजा. हिवाळ्यात चार." आणि खाली: "रंग बघ."